दीपनगरच्या कोळशावर चार्ज होणारी इलेक्ट्रिक गाडी पेट्रोलपेक्षा खरंच स्वच्छ असते का?

प्रश्न थोडक्यात असा: भुसावळहून जळगावला नोकरीसाठी रोज जाणं-येणं, मिळून पन्नासेक किलोमीटर. हाताशी सात वर्षांची पेट्रोल गाडी, चांगली चालते. घरावर ३ किलोवॉटचं सोलर, बिल जवळपास शून्य. इलेक्ट्रिक घ्यायचं मनात आहे, पण भुसावळजवळ दीपनगरला कोळशावरचं वीज केंद्र आहे, म्हणून ऑफिसातले म्हणतात, "शेवटी दीपनगरचा कोळसाच जाळणार ना? वर बॅटरी बनवतानाच एवढा धूर होतो की तो गाडीच्या आयुष्यात फिटत नाही." आणि तुमचं त्यावर उत्तर असं, की आपल्याकडे सोलर आहे, म्हणजे आपली गाडी शून्य उत्सर्जनाची.

सहकारी निम्मे बरोबर आहेत आणि तुम्हीही निम्मेच. दोन्ही निम्मे कुठे अडतात ते आकड्यांनी दाखवतो. आकडे मध्यम आकाराच्या एसयूव्हीचे, ४० युनिटची (म्हणजे किलोवॉट-तासाची) बॅटरी, वर्षाला १५,००० किलोमीटर आणि दहा वर्षं, म्हणजे दीड लाख किलोमीटर असे धरतो. तुमचं रनिंग निम्मं असेल तर निष्कर्ष बदलेल, हे आधीच लक्षात ठेवा.

पेट्रोलपासून सुरुवात करू, कारण ते सोपं आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३१ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरचं वजन पाऊण किलो आणि धूर सव्वादोन किलोच्या वर कसा, असं अनेकजण विचारतात. कार्बन पेट्रोलमधला, ऑक्सिजन हवेतला. वजन दोघांचं मिळून होतं. १५ चं अॅव्हरेज धरलं तर किलोमीटरला १५४ ग्रॅम. पण पेट्रोल पंपावर उगवत नाही. कच्चं तेल काढणं, जहाजाने आणणं, रिफायनरीत तापवणं, मग मनमाडजवळच्या पानेवाडीपर्यंत पाईपलाईन आणि तिथून टँकर. यातलं टँकरचं ओझं किरकोळ आहे, मोठा वाटा उत्खनन आणि रिफायनरीचा. मिळून साधारण २० टक्के वर धरायचे. झाले १८५ ग्रॅम.

डिझेलला लिटरमागे २.६८ किलो, पण अॅव्हरेज जास्त, त्यामुळे १९ चं अॅव्हरेज देणारी गाडी सगळं धरून १७० च्या आसपास येते. सीएनजी १५० च्या जवळ. तिथे गळतीचा मुद्दा मोठा, कारण न जळता निसटलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २८-३० पट ऊब धरतो.

इथेनॉलचं काय? ई-२० मध्ये पाचवा हिस्सा इथेनॉल. त्याचा धुराड्यातला कार्बन उसाने किंवा मक्याने आधी हवेतूनच घेतलेला, म्हणून तो मोजत नाहीत. पण खत, पाणी, डिस्टिलरीची वाफ हे मोजावं लागतं, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा एक तृतीयांशाने कमी असल्यामुळे अॅव्हरेजही थोडं पडतं. इथेनॉलच्या लिटरमागे एक किलो आणि अॅव्हरेज १५ वरून १४ धरलं, तर १८५ चे १७३ होतात. फायदा आहे, पण जाहिरातीत वाटतो तेवढा नाही.

आता वीज. लोक डॅशबोर्डवरचा आकडा घेतात आणि तिथेच थांबतात. एनर्जी ऑडिटमध्ये तसं चालत नाही. बॅटरीतून किती गेली यापेक्षा वीज केंद्रातून किती निघाली हे बघायचं. डॅशबोर्ड म्हणतो १०० किलोमीटरला १४ युनिट. चार्जर आणि बॅटरीत शिरताना १० ते १२ टक्के उष्णता होऊन जाते, म्हणून घरच्या मीटरवर १६ युनिट पडतात. मीटरपासून मागे लाईन, ट्रान्सफॉर्मर, सबस्टेशन. तिथली गळती १५ टक्के धरली तर केंद्रातून निघायला हवीत १८.८ युनिट. इथे एक खबरदारी घ्या. पेपरात वितरण कंपन्यांच्या गळतीचा जो आकडा येतो त्यात तारेवर आकडे टाकून चोरलेली आणि वसूल न झालेली वीजही असते. ती वीज कुणीतरी वापरलेलीच असते, तारेत जळालेली नसते. तिचा धूर तुमच्या गाडीच्या नावावर टाकायचा नाही. फक्त तांत्रिक गळती धरायची.

मग एका युनिटमागे धूर किती? केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशाच्या ग्रिडचा, म्हणजे सगळ्या वीजजाळ्याचा, सरासरी आकडा काढतं. २०२३-२४ चा होता युनिटमागे ०.७२७ किलो. यात केंद्राने स्वतःच्या पंखे-पंपांसाठी खाल्लेली वीज आधीच वजा आहे, ती पुन्हा वजा करू नका. १८.८ गुणिले ०.७२७ म्हणजे १०० किलोमीटरला १३.७ किलो. कोळशाची खाण आणि मालगाडी यांचे सहाएक टक्के वर घातले की किलोमीटरला १४५ ग्रॅम.

पेट्रोल १८५, वीज १४५. फरक आहे, पण आभाळ-जमिनीचा नाही.

दीपनगरबद्दल. भुसावळच्या छतावरून त्या चिमण्या दिसतात म्हणून आपली वीज तिथलीच, असं वाटणं साहजिक आहे. तसंच साक्री तालुक्यातले लोक ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या दाखवून म्हणतात, आमची वीज वाऱ्याची. दोन्ही हिशेबात टिकत नाहीत. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचा ग्रिड जोडला गेला आणि सगळा देश एका तारेवर आला. तुमच्या घरात आलेल्या युनिटवर केंद्राचं नाव लिहिलेलं नसतं. म्हणून सरासरी आकडा.

पण सहकाऱ्यांची बाजू मी इथे थोडी मांडतो, कारण ती अगदीच हवेतली नाही. रात्री दहाला तुम्ही ३.३ किलोवॉटचा चार्जर लावला तर त्या क्षणी वाढलेली मागणी कोण भागवतं? सूर्य मावळलेला. वारा खानदेशात मुख्यतः पावसाळ्यात जोर धरतो. उरतं कोळशाचं केंद्र, जे थोडा जास्त कोळसा जाळतं. कोळशाच्या एका युनिटला जवळपास ०.९७ किलो. त्या हिशेबाने गाडी किलोमीटरला १९० च्या पुढे जाते, म्हणजे पेट्रोलच्याही वर! केवळ रात्रीच्या क्षणाचा विचार केला तर ते बरोबर आहेत. मात्र गाडी दहा वर्षं चालते, आणि मागणी वाढली की तिच्यासाठी नवी केंद्रंही उभी राहतात, ज्यांत आता सौर आणि वाऱ्याचा वाटा मोठा आहे. म्हणून दीर्घ मुदतीला सरासरीच जास्त न्याय्य. तरी यातून एक व्यवहारी धडा निघतो: शक्य असेल तेव्हा दिवसा चार्ज करा. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना महावितरण सकाळी नऊ ते पाचच्या वापरावर सवलत देतं, तेव्हा खिशालाही बरं.

ग्रिड पुढे स्वच्छ होत जाईल हे खरं, पण किती वेगाने यावर हात आखडता ठेवा. राष्ट्रीय विद्युत आराखड्यात २०२६-२७ साठी ०.५४८ आणि २०३१-३२ साठी ०.४३० चा अंदाज होता. २०२३-२४ ला आपण ०.७२७ वर होतो. २०२५ मध्ये देशाच्या एकूण वीजक्षमतेचा निम्मा भाग बिगर-कोळसा, बिगर-तेल झाला अशी बातमी आली, तीही खरी. पण क्षमता म्हणजे उत्पादन नाही. सोलरचं एक मेगावॉट रात्री शून्य देतं, कोळशाचं देत राहतं, त्यामुळे तयार होणाऱ्या युनिटांत कोळसा अजून सत्तर टक्क्यांच्या पुढेच आहे. मी दहा वर्षांची सरासरी ०.६ धरतो. मग गाडी किलोमीटरला १२० ग्रॅमवर येते.

बॅटरीचा बोजा. एका युनिट क्षमतेच्या बॅटरीमागे ६० ते १०० किलो असा पल्ला मानतात; सेल कुठे बनले, तिथली वीज कशाची, रसायन कोणतं यावर ते ठरतं. आपल्याकडच्या गाड्यांतले बहुतेक सेल चीनमधून येतात आणि तिथेही वीज बरीचशी कोळशाचीच. एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) सेल साधारण खालच्या बाजूला, निकेलवाले वरच्या बाजूला. मधला ७५ धरू. ४० युनिट गुणिले ७५ म्हणजे ३ टन. बाकी गाडी, म्हणजे पत्रा, काच, टायर, सीट, दोन्हींत सारखीच, सुमारे ७ टन. म्हणजे शोरूममधून निघताना पेट्रोल गाडीच्या डोक्यावर ७ टन आणि इलेक्ट्रिकच्या डोक्यावर १० टन.

हे ३ टन फिटतात का? किलोमीटरला ४० ग्रॅम वाचत असतील तर ७५,००० किलोमीटरला फिटतात, म्हणजे तुमच्या रनिंगला पाच वर्षांत. ग्रिड माझ्या अंदाजाने सुधारला तर ४६,००० ला. "आयुष्यात फिटत नाही" हे चूक. पण वर्षाला जेमतेम चार-पाच हजार किलोमीटर चालणाऱ्या, बाकी वेळ अंगणात ताडपत्रीखाली असणाऱ्या गाडीला ते लागू पडू शकतं.

दीड लाख किलोमीटरची बेरीज अशी. नवी पेट्रोल गाडी ३५ टन, ई-२० धरून ३३. नवी इलेक्ट्रिक, ग्रिड आहे तसाच राहिला तर ३२ टन; सुधारत गेला तर २८. सुधारलेल्या ग्रिडला वीसेक टक्के कमी, आणि आयसीसीटी या संस्थेच्या २०२१ च्या अभ्यासातही भारतातल्या मध्यम गाडीसाठी १९ ते ३४ टक्के कमी असाच पल्ला होता; युरोपात तोच ६६ ते ६९ होता. युरोपातल्या व्हिडिओंवरून आपल्याकडचे निष्कर्ष काढू नयेत ते यासाठी. आणि एक गोष्ट इलेक्ट्रिकच्या चाहत्यांना आवडत नाही: २२ चं अॅव्हरेज खरोखर देणारी स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरी-मोटरची जोड असलेली पण प्लग न लागणारी गाडी, याच हिशेबात २६ टनांच्या आसपास बसते. म्हणजे ग्रिडवर चार्ज होणाऱ्या इलेक्ट्रिकच्या बरोबरीत किंवा थोडी पुढे.

मग सगळा खेळ पलटतो तो सोलरने. पॅनल बनवण्याचा धूर त्याच्या आयुष्यभराच्या उत्पादनावर वाटला तर युनिटमागे ०.०४५ किलोच्या आसपास. १६ युनिटांना ०.७ किलो, म्हणजे किलोमीटरला ७ ग्रॅम. दीड लाखाला एक टन. गाडीचे १० मिळवून ११ टन, ३५ च्या जागी!

पण थांबा, ते सोलर कोणतं?

तुमच्या घरावर आज ३ किलोवॉट आहे. खानदेशात किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट धरले तर वर्षाला ४,४०० च्या आसपास युनिट. तुमचं बिल शून्याजवळ आहे, याचाच अर्थ ती सगळी वीज घराचे पंखे, कूलर, फ्रीज, पाण्याची मोटर यांनी आधीच खर्ची टाकली आहे. गाडी आली की रोज ८ युनिट, तीनशे दिवसांचे २,४०० युनिट जास्तीचे लागणार. ते ग्रिडमधूनच येणार. जुनं सोलर घरच्या नावावर एकदा आणि गाडीच्या नावावर दुसऱ्यांदा वापरता येत नाही. गाडी आल्यावर पहिल्याच महिन्यात बिल हजाराच्या पटीत दिसायला लागेल, तेव्हा हे आपोआप कळतं.

उलट गाडीसाठी म्हणून २ किलोवॉट वाढवलंत, तर वर्षाला २,९०० युनिट नवे तयार होतात आणि गाडीचा हिशेब त्यात बसतो. त्यासाठी मंजूर भार वाढवून घ्या, इन्व्हर्टर ५ किलोवॉटचा लागेल का ते तपासा, आणि छतावर टाकीची किंवा जिन्याच्या खोलीची सावली नव्या पॅनलवर पडत नाही ना ते दुपारी तीनला वर जाऊन बघा. अनुदान घेतलं असेल तर त्याची कमाल मर्यादा ३ किलोवॉटलाच, ७८,००० रुपयांवर थांबते, त्यामुळे वाढीव भाग स्वतःच्या खर्चाने.

यात एक शंका रास्त आहे: गाडी दिवसभर जळगावला, पॅनल भुसावळला, चार्जिंग रात्री. मग सोलरची वीज गाडीत जाते कुठे? जात नाहीच. दिवसा तुमचं पॅनल ग्रिडला वीज देऊन कुठल्या तरी केंद्राचा कोळसा वाचवतं, रात्री तुम्ही तेवढाच कोळसा जाळायला लावता. आज हा जमाखर्च साधारण जुळतो. दुपारी ग्रिडवर सोलरची गर्दी वाढत जाईल तसा दुपारच्या युनिटने वाचणारा कोळसा कमी होईल. ऑफिसच्या पार्किंगमध्ये प्लग मिळाला किंवा रविवारी दुपारी घरी चार्जिंग झालं तर ते सर्वात चांगलं. आठवड्याची गरज ५० युनिटांच्या आत आहे, ३.३ किलोवॉटवर रविवारचे सहा तास म्हणजे २० युनिट, जवळपास निम्मी गरज भागते.

आता तुमच्या जुन्या गाडीचा मुद्दा, जो प्रश्नात तुम्ही ओझरता टाकलात पण निर्णय त्यावरच आहे. वरची सगळी तुलना नवी विरुद्ध नवी अशी होती. तुमच्या गाडीचे ७ टन सात वर्षांपूर्वीच हवेत गेले, ते परत येत नाहीत. ती चालवत राहिलात तर नवा बोजा शून्य; इलेक्ट्रिक घेतलीत तर पूर्ण १० टन. ग्रिडच्या विजेवर किलोमीटरला ६५ ग्रॅम वाचतात असं धरलं तर ते फिटायला दीड लाख किलोमीटर, म्हणजे दहा वर्षं. नव्या २ किलोवॉट सोलरसह तेच ५६,००० किलोमीटरला, पावणेचार वर्षांत. जुनी गाडी तुम्ही विकाल आणि ती कुणाची तरी नवी गाडी टाळेल, असा युक्तिवाद करता येतो, पण ती चोपड्याला किंवा शहाद्याला पेट्रोल जाळतच राहील, हेही खरं.

म्हणून माझं मत: केवळ कार्बनसाठी, सोलर न वाढवता, चालती गाडी बदलू नका. सोलर वाढवणार असाल किंवा गाडी तशीही बदलायचीच असेल, तर इलेक्ट्रिक घ्या, आणि बॅटरी लहान घ्या. रोजच्या ५० किलोमीटरला बॅटरीतून ७ युनिट लागतात; ३० युनिटची बॅटरी भरपूर झाली. ६० युनिटची घेतलीत तर ४.५ टनांचा बोजा आणि वर रोज दोन-अडीचशे किलो जास्तीचं वजन ओढत नशिराबादचा टोल ओलांडायचा. वर्षातून दोनदा पुण्याला जायचं म्हणून मोठी बॅटरी घेऊ नये. तेवढ्यापुरतं वाटेत फास्ट चार्जिंग करता येतं.

खानदेशातल्या उन्हाचा हिशेबावर परिणाम होतो. मे महिन्यात ४५ अंशांत एसी सरासरी दीड किलोवॉट खातो. हायवेला ताशी ८० ने जाताना १०० किलोमीटर सव्वा तासात होतात, म्हणजे एसीचे दोन युनिटही नाहीत. पण अजिंठा चौफुलीपासून आत शहरात ताशी २५ ने रांगताना तेच १०० किलोमीटर चार तासांचे होतात आणि एसी सहा युनिट खातो. गाडी प्लगला लावलेली असतानाच निघायच्या दहा मिनिटं आधी केबिन थंड करून घ्या, तो भार मग बॅटरीवर पडत नाही. वेगाचंही तसंच: ८० ऐवजी १०० ने गेलात तर हवेचा अडथळा दीडपटीच्या वर जातो.

उन्हाचा दुसरा परिणाम बॅटरीच्या वयावर. सर्वात वाईट जोडी म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी आणि उन्हात दिवसभर उभी गाडी. निकेलवाल्या बॅटरीला रोज ८० टक्क्यांवर थांबवा. एलएफपीला मीटर बरोबर राहावा म्हणून कंपन्या अधूनमधून १०० टक्के भरायला सांगतात. ते निघायच्या आधी पूर्ण होईल असं लावा, भरून दोन दिवस उभी ठेवू नका. दहा वर्षांत बॅटरी एकदा बदलावी लागली तर वरच्या इलेक्ट्रिकच्या सगळ्या बेरजांत ३ टन वाढतात आणि सुधारत्या ग्रिडवरच्या गाडीची जवळपास निम्मी कमाई जाते; ग्रिड आहे तसाच राहिला तर सगळीच. आणि पॅनललाही ऊन जास्त म्हणून वीज जास्त असं होत नाही. पत्र्यासारखा तापून ७० अंशांवर गेलेला पॅनल छापील क्षमतेपेक्षा पंधराएक टक्के कमी देतो, त्यात धूळ. फेब्रुवारी ते मे दर पंधरा दिवसांनी सकाळी लवकर पाण्याने धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका.

वायरिंगही बघा, कारण तिथे गळती तुमच्या मीटरच्या पुढची, तुमच्याच पैशाची असते. मीटरपासून पार्किंग ३० मीटर लांब आणि वायर अडीच एमएमची असेल तर १४ अँपिअरला सुमारे ८७ वॉट नुसते वायरीत तापतात, पावणेतीन टक्के. चार एमएम टाकली की ५५ च्या आत. स्वतंत्र एमसीबी, चांगला १६ अँपिअरचा सॉकेट, मल्टिप्लग नाही. ढिला सॉकेट तासन्‌तास भार ओढताना वितळतो. आणि अर्थिंग. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो, रोध वाढतो, आणि पावसाळ्यात सुरळीत चालणारा चार्जर एप्रिलमध्ये अर्थिंगचा दोष दाखवून बंद पडतो. लोक चार्जर बदलायला निघतात. आधी इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजा, पाचच्या आत हवा. जास्त असेल तर खड्ड्यात पाणी टाका, आणि कायमचा उपाय म्हणून खड्डा पुन्हा भरून घ्या.

निर्णयाआधी दोन आकडे तुमचे स्वतःचे काढा, माझे उसने घेऊ नका. एक, पेट्रोलचं अॅव्हरेज: पंपाचा नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल, किलोमीटर लिहा, पुढच्या वेळी त्याच पंपावर तसंच, सलग तीन टाक्यांची सरासरी घ्या. १५ ऐवजी १८ निघाले तर १८५ चे १५४ ग्रॅम होतात आणि ग्रिडवरच्या इलेक्ट्रिकची बाजू खूपच लंगडी पडते. १२ निघाले तर २३१, आणि ती भक्कम होते. दोन, गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं: आयात किती, निर्यात किती, आणि मार्चअखेरीस किती युनिट शिल्लक राहिले. शिल्लक हजाराच्या वर असेल तर २ किलोवॉटऐवजी १ किलोवॉट वाढवूनही गाडीचं भागेल.